शेजारच्या सीटचा दिवा

१

मास्तरीणबाईंच्या गाडीत, शेजारच्या सीटवर आपल्या घरातलं कुणी बसल्याशिवाय एसी सुरू करायचा नाही. आणि का, ते विचारायचं नाही.

हा नियम मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा सातवीत होते. मी लगेच विचारलं, "का?"

"नियम अर्धाच ऐकलास वाटतं," बाबा म्हणाले.

आमचं वर्कशॉप गाड्यांच्या वायरिंगचं. बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे काका, दोघांनी मिळून चालवलेलं. घर मागच्या अंगाला, मधे एक लोखंडी दार. तिथे नियमांना तोटा नव्हता. बॅटरीची आधी काळी वायर काढायची, मग लाल. हातात अंगठी घालून बॉनेटखाली वाकायचं नाही. तापलेली सोल्डरिंग गन स्टँडवरच ठेवायची. यातल्या कुठल्याही नियमाचं कारण विचारा, बाबा अर्धा तास सांगतील, आणि वर कुणाचं बोट कसं भाजलं त्याची गोष्ट फुकट. या एकाच नियमाला कारण नव्हतं आणि गोष्टही नव्हती.

पुढे मी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली. मनासारखी नोकरी मिळेपर्यंत म्हणून वर्कशॉपमध्ये बसायला लागले, त्याला दीड वर्ष झालं. घरात मात्र अजून तेच. प्रश्न विचारला की उत्तराऐवजी माझं वय निघतं.

ती गाडी दर उन्हाळ्यात एकदा यायची. तक्रार ठरलेली: एसीच्या पॅनेलवरचे दिवे गेले. डॅशबोर्डच्या मधोमध असलेलं ते पॅनेल दोन भागांचं होतं. अर्धं चालवणाऱ्याचं, अर्धं शेजारी बसणाऱ्याचं. दोघांना आपापलं गार-गरम ठरवता यावं म्हणून दोन आकडे, दोन-दोन बटणं, आणि प्रत्येकाचा एक हिरवा दिवा, तिळाएवढा. चालवणाऱ्याचा दिवा सतत लागलेला असायचा. शेजारचा दिवा सीटवर कुणी बसलं तरच लागायचा, कारण सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर होता. माणूस उतरलं की दिवा बंद. एवढी साधी गोष्ट.

पंख्याचा दिवा, काचेचा दिवा, असे बाकीचेही कधी लुकलुकायचे, कधी मरायचे. त्यांचं बाईंना काही नव्हतं. शेजारचा दिवा तेवढा लागला पाहिजे.

दर वर्षी बाबा सोल्डर करायचे आणि काका त्या सीटवर जाऊन बसायचे. दार लावून. दिवा लागला की उतरायचे, घरात जायचे आणि पांघरूण घेऊन झोपायचे. भर उन्हाळ्यात. मला ती काकांची तऱ्हा वाटायची. आमच्या घरात तऱ्हांनाही तोटा नव्हता.

२

यंदा गाडी चार महिन्यांतच, पावसाळा संपून ऊन तापताच परत आली.

सकाळचे अकरा वाजले होते. बाबा सुटे भाग आणायला बाजारात गेले होते. काका घरात पडून होते. मी एका टेम्पोच्या हॉर्नशी झटापट करत होते, तेवढ्यात ती करडी गाडी पत्र्याच्या सावलीत येऊन थांबली.

मास्तरीणबाई उतरल्या. शाळा सोडून त्यांना वीसेक वर्षं झाली असतील, पण अजून हजेरी घेतल्यासारख्या बघतात. त्या गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या, शेजारचं दार उघडलं, आणि दार धरून क्षणभर उभ्या राहिल्या. मग लावून टाकलं. हे त्या नेहमीच करायच्या. पिशवी काढत असतील असं मला वाटायचं. त्या दिवशी मी पाहिलं, हातात काही नव्हतं.

"दिवा पुन्हा गेला," त्या म्हणाल्या. "वडील कुठेत?"

"येतील तासाभरात. मी करते ना, बाई."

"तू?"

"चार वर्षं त्याचंच शिकलेय."

"शिकलीस ते खरं. पण तुला सांगितलंय ना सगळं?"

"जेवढं सांगतात तेवढं सांगितलंय."

हे त्यांना लागायला हवं होतं, पण त्या गाडीकडेच बघत होत्या. मला राहवलं नाही. "बाई, एक विचारू? एसी गार करतो, हीटर चालतो. एवढ्याशा दिव्यासाठी दर वर्षी कशाला हेलपाटा? नाही लागला तर नाही लागला."

"दिवा नसला की मला कळत नाही गं."

"काय कळत नाही?"

"बसलंय की उतरलंय."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. दूध उतू गेलंय की अजून गॅसवर आहे, अशा सुरात. मग माझ्याकडे बघून, मी पुस्तकाबाहेरचं विचारल्यासारखा चेहरा केला. "वडिलांना सांग, यंदा फार लवकर गेला. आणि कालपासून मी एकटी बसते आहे असं मला मुळीच वाटत नाही."

किल्ली माझ्या हातात देऊन त्या चालत गेल्या. वर्कशॉपच्या फाटकापाशी त्यांची पावलं एकदम हलकी झाली, शाळा सुटल्यासारखी.

म्हातारपण, मी स्वतःला म्हटलं. एकटं राहून माणूस असंच बोलायला लागतं.

३

पॅनेल काढायला मला दहा मिनिटं लागली. प्लॅस्टिकची पट्टी कडेला सरकवायची, चार खटके सोडवायचे, मागचे दोन कनेक्टर ओढायचे. टेबलावर घेऊन भिंगाखाली धरलं.

बाबांचं काम मी ओळखते. त्यांचा सोल्डरचा थेंब गोल, चकचकीत, जास्त नाही की कमी नाही. शेजारच्या दिव्यापाशी असे थेंब एकावर एक चढलेले होते. दर वर्षीचा एक. खालची तांब्याची पट्टी केव्हाच उचकटली होती. मी सगळं खरवडून काढलं, नवा दिवा बसवला, बारीक वायरचा पूल टाकला आणि बाहेरून वीज दिली. सगळे दिवे लखलखीत लागले. पंखा, काच, चालक, शेजार. मी जुना दिवाही चिमट्यात धरून तपासला. तोही लागला.

म्हणजे दिवा कधी खराब नव्हताच. मला हसू आलं. इतकी वर्षं नीट दिव्यावर उपचार चालले होते.

पॅनेल परत गाडीत बसवलं. उरलं ते तपासणं. आणि इथे नियम आडवा आला.

काकांना उठवायचं माझ्या जिवावर आलं होतं. गेल्या खेपेला ते त्या सीटवरून उतरले ते खोकतच, आणि तेव्हापासून घरात बसून होते. मुळात सेन्सरला काय हवं? वजन. घरातलं की दारातलं, हे त्या सेन्सरला काय कळतंय? मी चार्जिंगवरून दोन बॅटऱ्या काढल्या. सवयीने मीटर लावला: दोन्ही पूर्ण भरलेल्या. दोन्ही मिळून तीसेक किलो. सीटवर रबरी मॅट टाकली, बॅटऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या, दार लावलं. चालकाच्या जागी बसून किल्ली फिरवली.

ब्लोअर घरघरला. माझ्या बाजूचा दिवा लागला. शेजारचा नाही. मी पाचपर्यंत मोजलं, आणि तो लागला. हिरवा, स्वच्छ.

"झालं," मी मोठ्याने म्हटलं. "याला घरातलं माणूस हवं म्हणे!"

दोन्ही आकडे चोवीस दाखवत होते. मग शेजारचा पंचवीस झाला.

मी हात लावला नव्हता. सव्वीस. बटण चिकटलं असणार, मी म्हटलं, आणि वाकून पाहिलं. बटण चिकटलं नव्हतं. ते आत जात होतं आणि बाहेर येत होतं. टिक. मधलं रबर बोटाच्या पेराएवढं दबत होतं आणि सुटत होतं. टिक. सत्तावीस. टिक. घाई नव्हती त्यात. थंडीत एखादं माणूस जसं जरा थांबून, अजून बरं वाटत नाही म्हणून पुन्हा दाबतं, तसं.

आकडा शेवटापर्यंत गेला तरी बटण दबतच राहिलं.

मी किल्ली काढली. ब्लोअर थांबला, माझ्या बाजूचा दिवा विझला, आकडे गेले. शेजारचा दिवा तसाच.

गाडीतून मी उतरले नाही, पडले. गुडघा खरचटला. पण डोकं चालू होतं, हे सांगायला हवं. कुठेतरी उलटा करंट येतोय, मी म्हणत होते, कॅपॅसिटरमध्ये साठलेला. मी पलीकडे जाऊन शेजारचं दार उघडलं आणि पहिली बॅटरी उचलायला हात घातला.

ती गार होती. फ्रिजमधून काढल्यासारखी. तिच्या अंगावर पाण्याचे थेंब धरले होते, आणि बाहेर पत्र्यावर ऊन चटकत होतं. दुसरीही तशीच. दोन्ही टेबलावर नेऊन मीटर लावला. शून्य. दुसरी, शून्य. कशालाही न जोडलेल्या दोन भरलेल्या बॅटऱ्या, दहा मिनिटांत.

मागे वळून पाहिलं. सीट रिकामी होती. बॅटऱ्या काढल्या तरी तिचा फोम वर आलेला नव्हता. आणि तो जिथे दबला होता ती जागा दोन बॅटऱ्यांपेक्षा रुंद होती. पाठीपाशीही दबलेलं होतं. पाठीपाशी मी काहीच टेकवलं नव्हतं.

मी सीटखाली हात घालून सेन्सरचा कनेक्टर ओढून काढला. कसा काढला, मला आठवत नाही. दिवा लागलेलाच राहिला.

४

बाबा आले तेव्हा मी गाडीकडे पाठ न करता, टेबलाला टेकून उभी होते. त्यांनी आधी गाडी पाहिली, मग टेबलावरच्या ओल्या बॅटऱ्या.

"कुणाला बसवलंस?"

"बॅटऱ्यांना."

हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली आणि स्वतः स्टुलावर बसले. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"घरातलं माणूस म्हटलं होतं," ते हळू म्हणाले.

"का म्हटलं होतं? सेन्सरला वजन लागतं, वजन दिलं."

"आणि लागला?"

"लागला. विझतच नाही. मेन बॅटरीची वायर काढून बघू का?"

"बघ."

मी बॉनेट उघडलं. आधी काळी वायर, मग लाल. आता त्या गाडीत विजेचा थेंब नव्हता. मी काचेतून आत पाहिलं. हिरवा ठिपका जागच्या जागी.

"बाबा, हे शक्य नाही."

"नाहीच आहे."

"मग?"

"दोन बॅटऱ्या," ते स्वतःशीच म्हणाले. "दोन बॅटऱ्यांनी कितीसं पुरणार त्याला?"

"कुणाला?"

ते चष्मा काढून शर्टाला पुसायला लागले. आमच्या घरात हे उत्तर म्हणून चालतं.

"कुणाला पुरणार, बाबा?"

"तू लहान आहेस."

"तेवीस वर्षांची आहे! या वयात आईने घर चालवलं म्हणून तुम्हीच सांगता. चालवायला मोठी आणि ऐकायला लहान, असं कसं?"

"जीभ चालवतेस तेवढं डोकं चालवलं असतंस तर काकांना हाक मारली असतीस."

"काकांना उठवत नाही आता. दिसत नाही का तुम्हाला?"

त्यांना दिसत होतं. म्हणूनच ते चिडले नाहीत. "दर वर्षी एकदा बसलं की भागायचं," ते म्हणाले. "वर्षभर दिवा नीट असायचा. बसलं की लागायचा, उतरलं की विझायचा. मग भागेनासं झालं. गेल्या खेपेला तुझा काका चाळीस मिनिटं बसला होता."

"मला तुम्ही पाच सांगितली होतीत."

"तुला सांगितली होती."

"आणि तुम्ही? तुम्ही का नाही बसत?"

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी बसलोय. आधी मीच बसायचो. माझ्यावर आता दिवा लागत नाही."

बाबांचं वजन ऐंशी किलो आहे.

५

काका लोखंडी दारातून आले ते भिंतीला धरून. अंगात स्वेटर, त्यावर बाबांचं जुनं जाकीट. मला बघून हसले. "काय ठिणगी, काय पेटवलंस?"

ते मला लहानपणापासून ठिणगी म्हणतात. वायरिंगवाल्याच्या घरात याहून वाईट नाव असू शकत नाही, तरी मला ते आवडतं.

"तुम्ही झोपा, काका."

"झोपून कंटाळा आला. डॉक्टर म्हणतो, तुमचा पारा चढतच नाही. मी म्हटलं, घरात एक आहे, तिचा उतरत नाही. दोघांची सरासरी काढा."

मी हसले नाही. त्यांचा हात धरून त्यांना स्टुलावर बसवलं. पहाटे बाहेर राहिलेल्या पान्याला हात लावावा तसा तो हात होता. नुसता गार म्हणवत नव्हतं. माझ्या तळव्यातली ऊबही त्यात शिरत नव्हती. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध फाटलेलं, तरुणपणी रेडिएटरच्या पंख्यात सापडलेलं. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवत बसायचे.

बाबांनी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. काकांनी गाडीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ओळख होती. मला त्याचीच भीती वाटली.

"जागं केलं आणि अर्धपोटी ठेवलं," काका म्हणाले.

"काय आहे ते, काका? तुम्ही तरी सांगा."

"मला माहीत असतं तर सांगितलं असतं, पोरी. आत बसलं की शेजारी कुणी नसतं. मागे कुणी नसतं. नुसतं गार वाटतं. आणि वाटतं की आपण नीट बसलेलो नाही. कुणाच्या तरी मांडीवर बसलोय."

पत्र्यावरून एक पक्षी चालत गेला. तिघांनीही वर पाहिलं.

"आणि नाही बसलं तर?" मी विचारलं.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. भावाभावांची ती नजर मी पुष्कळ पाहिली आहे: तू सांग, नाही तू सांग.

"एकदा नव्हतो बसलो," शेवटी बाबा म्हणाले. "दिवा लागलेला होता तो आपोआप विझला. आम्ही म्हटलं, चला, सुटलो."

"मग?"

"विझला म्हणजे सीट रिकामी झाली होती."

त्यापुढे काही त्यांनी सांगितलं नाही, आणि पहिल्यांदाच मीही विचारलं नाही.

"आता कुणीतरी बसायला हवं," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. "नव्या माणसाने त्याचं लगेच भागतं. पाच मिनिटं. खरंच पाच."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं, आणि मी इतकी शांत झाले की मलाच नवल वाटलं.

"नवं माणूस म्हणजे मी."

"घरात अजून कोण आहे?"

"पोरीला नको," काका म्हणाले.

"मग तू बसतोस? तुझ्यात काय उरलंय?"

"जे उरलंय ते. उठवा मला."

६

मी गाडीकडे चालत गेले. बसायला नाही. मला बघायचं होतं. घरात कुणी काही सांगत नसेल तर स्वतः बघावं, हे मी तिथेच शिकले होते.

दुपारचा दीड वाजला होता. बॉनेटवरून ऊन हलत होतं. चालकाच्या बाजूची काच स्वच्छ होती, मागच्या दोन्ही काचा स्वच्छ होत्या. शेजारची काच आतून धुरकटली होती. हिवाळ्यात चार माणसं दाटीवाटीने बसली की काच धरते तशी. मधोमध, तोंडाच्या उंचीवर, ती जास्त पांढरी होती. मी पाहत होते तेव्हा तो पांढरा डाग थोडा लहान झाला. मग मोठा झाला. मग लहान.

आतून हवा येत असणार, मी म्हटलं. गाडी बंद होती, वायरी सुटलेल्या होत्या. कुठूनतरी वारा. पण डागाची लय वाऱ्याची नव्हती. आणि नकळत माझा श्वासही त्याच लयीत चालला होता. ते लक्षात येताच मी तो धरून ठेवला. डागही थांबला.

मी किती वेळ श्वास धरला ते माहीत नाही. आम्ही दोघांनी धरला होता.

मग काचेवर आतून काहीतरी टेकलं आणि हळूच बाजूला सरकलं. ते धुकं पुसत होतं. बोटभर जागा स्वच्छ झाली. त्या जागेत अंगठा होता, काचेवर दाबलेला. पांढरा, दाबल्यामुळे सपाट झालेला. त्याचं नख मधोमध फाटलेलं होतं.

मी मागे पाहिलं. काका दहा पावलांवर उभे होते, बाबांच्या खांद्याला धरून. दोन्ही हात मला दिसत होते.

पुन्हा वळले. अंगठा तिथे नव्हता. पुसलेल्या पट्टीतून आतलं थोडं दिसत होतं: सीटची कड, सीटबेल्टची पट्टी, आणि एक खांदा. खांद्यामागे अजून एक खांदा, त्याच्यामागे अजून काही, एकाच सीटवर, एकाच्या आत एक ठेवलेल्या भांड्यांसारखे. चेहरे दिसावेत इतकी जागा पुसली नव्हती, आणि त्याबद्दल मी आजही आभार मानते. दिसलं ते एवढंच, की माझ्या उभ्या राहण्याची चाहूल लागल्यासारखे ते सगळे एकदम पलीकडे सरकले. बाकावर आधीच बसलेली माणसं नव्या माणसासाठी सरकतात ना, ये बस म्हणत, तसे. अगत्याने.

दाराचा खटका वाजला. दार बोटभर उघडलं. आतून आलेली हवा माझ्या पोटऱ्यांना लागली, आणि मला वाटलं की मी खूप दमले आहे, आणि खरंच, पाच मिनिटं बसायला काय हरकत आहे?

"बस," मागून बाबा म्हणाले. "दार तूच उघडलंस, म्हणजे आता सोपं जाईल."

त्यांना वाटलं दार मी उघडलं.

७

मी दाराला पाठ लावली आणि ते ढकलून बंद केलं. ते लगेच लागलं नाही. आतून कुणी जोर लावत नव्हतं, पण कुणी हात काढूनही घेत नव्हतं.

"बाबा, आत काकांचा अंगठा आहे."

काकांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही. त्यांना माहीत होतं.

"तुम्हाला माहीत होतं."

"आत जातं ते थोडं थोडं जातं," बाबा म्हणाले. "माणूस जगतं. मी जगतोय ना? कामं करतो, जेवतो, तुला शिकवलं. थोडी थंडी वाजते एवढंच. आमच्याआधीच्यांनी त्यांच्या वेळच्या गाडीत केलं, आम्ही केलं. घरासाठी करावं लागतं, पोरी."

"कुठल्या घरासाठी? हे घर तर आत बसलंय!"

"आवाज खाली कर."

"का? कुणाला ऐकू जाईल?"

काका बाबांच्या खांद्यावरून हात काढून पुढे आले. जाकिटाची चेन खाली ओढत होते. "हट ठिणगी. मी बसतो. माझी सवय आहे. तू कशाला नव्याने सुरू करतेस?"

"तुम्ही उतरणार नाही यावेळी."

"नाही उतरलो तर नाही उतरलो. निम्मा आतच आहे मी."

ते हसत होते. मला त्यांच्या हसण्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. हा माणूस माझी सायकल धरून रस्ताभर धावला होता. परीक्षेच्या दिवशी मला शाळेत सोडून, पेपर संपेपर्यंत फाटकाबाहेर उभा राहिला होता. आणि निदान आपण तरी विचारावं, का, असं याला एकदासुद्धा वाटलं नाही.

त्यांनी हँडलला हात घातला. मी तो हात धरला आणि सोडला नाही. माझी बोटं बधिर झाली, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत. पाठीमागे काचेवर आतून टकटक झालं. हलकं, दोनदा. उशीर होतोय, असं सांगणारं.

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे," बाबा म्हणाले. "दिवा विझायच्या आत. तू नाही तर तो. दोघांपैकी एक. मी काय करू, मला सांग. माझ्यावर लागत नाही गं, नाहीतर मी..."

"कुणीच बसणार नाही."

"तुला कळत नाहीये."

"नाहीच कळत. तुम्हालाही कळत नाही. बाईंनाही कळत नाही. कुणालाच न कळणाऱ्या गोष्टीला तुम्ही एकेक माणूस देत आलात, आणि मला म्हणता जीभ चालवू नको. मी बसणार नाही. काका बसणार नाहीत. उद्या मला मुलं झाली तर ती बसणार नाहीत. त्याला गारठा वाजत असेल तर वाजू दे. मला काय त्याचं?"

"अगं, ते उतरेल!"

"उतरू दे."

"असं बोलू नये..."

"उतरू दे म्हटलं ना!" मी काकांचा हात घट्ट धरून, मान वळवून त्या काचेकडे ओरडले. "उतरायचंय ना? मग उतर! उतर आणि काय ते माझ्याशी बोल. यांच्याशी नाही. माझ्याशी."

टकटक थांबली. माझ्या पाठीवरचा दाराचा तो हलका दाबही गेला, एकदम. पॅनेलवरचा हिरवा ठिपका विझला तो मी धुरकट काचेतून पाहिला.

मी पुढे वळले. बाबांचं तोंड काही म्हणण्यासाठी उघडलेलं होतं, ते तसंच राहिलं. काका माझ्या इतके जवळ होते की त्यांचा श्वास ऐकू यायला हवा होता, तो येत नव्हता. घरातले सगळ्यात बोलके दोन पुरुष. दोघं बघत होते, पण माझ्याकडे नाही. माझ्या खांद्याच्या थोडं बाजूला, आणि थोडं वर.

"आता बोला ना," मी म्हटलं. "आता का गप्प?"